बागेची परीक्षा मे महिन्यात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी उजाडला की पुण्यातल्या बंगल्यांच्या सोसायट्यांत आणि जुन्या कॉलन्यांत 'सुंदर अंगण', 'आदर्श बाग' अशा स्पर्धांचे फलक लागतात. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, त्यामुळे वातावरणही तसेच असते. स्पर्धा जरूर व्हाव्यात. आमचे म्हणणे त्यांच्या तारखेबद्दल आहे.

पुण्यात जानेवारीत फुले आणायला फारसे कौशल्य लागत नाही. रात्री थंड, ऊन मवाळ, कीड कमी, पाण्याची गरजही कमी. पिटुनिया, डायंथस, साल्व्हियाची फुलावर आलेली रोपे नर्सरीतून आणायची, परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी काळ्या पिशवीसकट मातीत खुपसायची, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरायचे, की फाटकापासून पायरीपर्यंत रंगांची रांग तयार. पाडव्यापर्यंत यातले बहुतेक वाळलेले असते आणि पिशव्या मातीत राहतात. परीक्षकांनी एक करावे: रोपाच्या बुंध्याभोवती बोट फिरवून पाहावे. प्लास्टिकची कड हाताला लागली तर गुण द्यायचे की कापायचे, ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

यापेक्षा मोठा दोष असा की जानेवारीतले परीक्षण आपल्या मातीतल्या झाडांवर अन्याय करते. मोगऱ्याचा खरा बहर मार्च ते जून. त्यासाठी डिसेंबरात दोन-तीन आठवडे पाणी तोडावे लागते, पाने उतरवावी लागतात आणि जानेवारीत झाड तिसरा हिस्सा ते निम्मे छाटावे लागते. म्हणजे ज्याने मोगऱ्याचे सगळे बरोबर केले, त्याच्या अंगणात परीक्षकाला नुसत्या काटक्या दिसतात. पांढरा चाफा तेव्हा पानगळीत असतो. अनंत फुलतो पावसाच्या तोंडावर. सोनटक्का आणि पारिजातक पावसाळ्यात नि त्याच्या शेवटी. वासाची म्हणून जी फुले आपण पिढ्यान्‌पिढ्या अंगणात लावत आलो, त्यातली बहुतेक या स्पर्धेच्या वेळी जागेवर नसतात. मग लोक ती काढून हंगामी रोपे लावतात, आणि दोष लोकांचा नसतो.

म्हणून सुचवतो: एकाच स्पर्धेचे परीक्षण वर्षातून तीनदा करावे. मेचा दुसरा आठवडा ४० गुण, ऑगस्टची अखेर ३० गुण, जानेवारी ३० गुण. आठवडा जाहीर करावा, दिवस करू नये. परीक्षक शेजारच्या कॉलनीतले दोघे असावेत, आणि त्यांनी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान फिरावे. वेळेला कारण आहे. मेमध्ये दुपारी तीनला जास्वंद, गुलाब, अबोली यांची पाने माना टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. ते दुर्लक्षाचे लक्षण नाही. सकाळी सातलाही पाने लोंबत असतील तर मात्र एकतर पाणी पोहोचत नाही, किंवा जास्त पाण्याने मुळे कुजली आहेत. बोट दोन पेरे मातीत घातले की कोणते ते कळते.

मे महिन्यात टिकणारी बाग मातीपासून सुरू होते, आणि पुण्यातल्या बहुतेक अंगणांची गडबड तिथेच असते. फाटक आणि पोर्च यांच्यामधला पाच-सहा फुटांचा पट्टा म्हणजे बांधकामाच्या वेळी सिमेंट कालवण्याची जागा. वर सहा इंच लाल माती, खाली विटांचे तुकडे, वाळलेला माल आणि मुरूम. सिमेंटमधल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, मुळांना लोह घेता येत नाही, आणि अनंत, एक्झोरा, गुलाब यांची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याला 'खत कमी पडले' समजून लोक युरिया टाकतात, त्याने काही होत नाही. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकावे. फसफसले तर चुना आहे. तात्पुरता उपाय म्हणून लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून पंधरा दिवसांनी एकदा मुळाशी द्यावे. कायमचा उपाय खणणे हाच.

खड्डा ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल. तो भरायला साधारण सहा-सात घमेली मिश्रण लागते: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, अर्धा भाग जाड वाळू, आणि खड्ड्याला मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती 'लाल माती' भरू नये. नर्सरीवाले तिचीच पोती देतात, पण खत-वाळूशिवाय ती दोन पाण्यांत विटेसारखी घट्ट होते. भरण्यापूर्वी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. चार तासांनीही पाणी उभे असेल तर खाली काळी माती किंवा न फोडलेला खडक आहे. पहारीने तळ फोडावा. तो फुटत नसेल तर खणण्याचा नाद सोडून विटांचा २५ सेंटीमीटर उंच वाफा करावा. पावसाळ्यात मेलेली बहुतेक अनंताची आणि गुलाबाची झाडे अशा पाणी न सोडणाऱ्या खड्ड्यात बुडून मेलेली असतात.

काय लावावे हे अंगणाच्या तोंडावर ठरते. पश्चिमेकडचे अंगण सर्वांत कठीण: दुपारचे ऊन आणि वर कंपाउंडच्या भिंतीची धग. तिथे बोगनवेल, कण्हेर, तगर, जास्वंद. पूर्वेकडे मोगरा, गुलाब, अनंत, निशिगंध. मोगरा-गुलाबाला निदान पाच तास ऊन हवेच, नाहीतर पाला वाढतो आणि फूल येत नाही. सावलीत अबोली, आणि ओल टिकत असेल तर सोनटक्का. बोगनवेल फुलत नाही ही तक्रार सगळीकडे असते. तिला रोज पाणी मिळते हेच तिचे दुखणे. माती पूर्ण सुकू द्यावी, मगच पाणी. कण्हेरीला गुरे तोंड लावत नाहीत म्हणून ती कुंपणाला चांगली, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुले असतील तिथे फाटकाजवळ नको. फाटकाच्या दोन्ही कोपऱ्यांत झाडे गुडघाभरच ठेवावीत, गाडी बाहेर काढताना रस्त्यावरची मुले दिसली पाहिजेत. मधुमालती पावसाळ्यानंतर दरवर्षी निर्दयपणे छाटावी, ती विजेच्या तारेपर्यंत पोचते आणि मग छाटणी दुसरेच कोणी करते. झटपट हिरवी भिंत म्हणून अलीकडे खपणारा कोनोकार्पस तर लावूच नये. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

हिरवळीबद्दल. चौरस मीटर लॉनला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी लागते. चार बाय पाच मीटरचा तुकडा म्हणजे रोज १०० लिटर. तेवढ्याच जागेत आठ-दहा झुडपे असतील आणि खाली पाल्याचे आच्छादन असेल तर एकाआड एक दिवस ५०-६० लिटरांत भागते. मेमध्ये पाणीकपातीच्या बातम्या छापून येत असताना लॉनला गुण कसे द्यायचे, हे स्पर्धा भरवणाऱ्यांनी आधी ठरवावे. आम्ही तरी शून्य देऊ. आपल्या पाइपातून किती पाणी जाते हे फार थोड्यांना माहीत असते. वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे, मग 'पाच मिनिटे पाणी घातले' याचा अर्थ कळेल. एसीचे पाणी झाडांना खुशाल घालावे, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात ते एकवटलेले असतात. ते कुंड्यांना रोज घातले तर काही महिन्यांत मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात. ते फरशी पुसायला वापरावे.

आच्छादन पाच ते सात सेंटीमीटर जाड असावे, आणि बुंध्यापासून चार बोटे लांब. खोडाला चिकटून ओला पाला राहिला की साल कुजते. कुंड्यांवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मार्चअखेर बांधावी आणि पहिला मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी काढावी. जूनच्या ढगाळ हवेत जाळी राहिली तर फांद्या लांबट आणि लेच्यापेच्या होतात. मेमध्ये कोरड्या हवेत गुलाबावर लाल कोळी येतो. पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा सलग तीन-चार सकाळी मारला की निम्मे काम होते. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण मुंग्या पसरवतात. तेव्हा आधी मुंग्यांची वाट तोडावी, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात तेल मारले तर पाने भाजतात.

आता पाचोळा. हे काम एकट्याच्या घरापेक्षा कॉलनीने मिळून केले तरच परवडते, आणि कॉलनीच्या बागांचा खरा पाया हाच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल रस्त्यांवर पानांचे ढीग पडतात आणि ते पेटवले जातात. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये मनाई केली आणि साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये भरपाई ठरवली, हे झाडणाऱ्याला सोडाच, सोसायटीच्या सचिवांनाही ठाऊक नसते. एक मीटर उंच आणि तीन मीटर लांब कोंबडीजाळी गोल वाकवून तारेने बांधली की साधारण ९५ सेंटीमीटर व्यासाचा पिंजरा होतो. त्यात वीतभर पाचोळा, त्यावर घमेलेभर जुने कंपोस्ट किंवा बादलीभर पाण्यात कालवलेले दोन किलो शेण, पुन्हा पाचोळा, असे थर वरपर्यंत. ओल किती हवी? मूठभर मिश्रण पिळल्यावर एक-दोन थेंब निघावेत, धार नाही. पंधरा दिवसांनी एकदा उलथावे. फेब्रुवारीअखेर भरलेला पिंजरा जूनच्या खड्ड्यांना तयार खत देतो.

बिघडते ते असे. बाहेरून रोज पाणी शिंपडले जाते आणि मधला गाभा कोरडाच राहतो. सहा महिन्यांनी उघडले तर पाने जशीच्या तशी. म्हणून भरतानाच पाने भिजवावीत, शक्यतो रात्रभर. लॉनचे ताजे गवत जाड थरात घातले की ते चिकटून सडते आणि वास मारते. ते कोरड्या पानांत मिसळूनच घालावे. शिजवलेले अन्न अजिबात नको, उंदीर येतात आणि शेजारी पहिल्याच महिन्यात प्रकल्प बंद पाडतात (त्यांचे बरोबरच असते). सोनमोहोर आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पाने तीन महिन्यांत कुजतात. आंबा, फणस, वडाची जाड पाने वेगळ्या पिंजऱ्यात, तुडवून किंवा तुकडे करून घालावीत. त्यांना पाऊस उलटून जाईपर्यंत वेळ द्यावा. पिंजऱ्यांना आठवड्याला दोन घरे अशी पाळी लावावी आणि पाळीचा कागद पिंजऱ्यालाच अडकवावा. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी पाने पोत्यात भरून ज्यांना हवीत त्यांना द्यावीत. अशी देवाणघेवाण पुण्यात 'ब्राउन लीफ' या नावाने लोक करत आले आहेत.

ऑगस्टचे परीक्षण वेगळ्या गोष्टींसाठी. फुलांपेक्षा पाणी कुठे साचते ते पाहावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालची थाळी, मनी प्लांटची बाटली, लकी बांबूचा काचेचा पेला, उलटी न ठेवलेली रिकामी कुंडी: घरांत अळ्या सापडतात त्या बहुधा अशाच जागी. आठवड्यातून एक दिवस हे सगळे रिकामे करावे, आणि नुसते रिकामे करून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून थाळी घासली पाहिजे. थाळीत वाळू भरून ठेवली तर तो प्रश्नच उरत नाही. थाळीत पाणी आढळले की पाच गुण वजा, असा नियम एक वर्ष लावून पाहावा.

याच दिवसांत मोठ्या आफ्रिकन गोगलगायी रात्रीतून रोपे फस्त करतात. संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्यात टाकून ठेवावे, पहाटे उचलून खालच्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ वाफ्यात पसरू नये, माती नासते. एका घराने हे करून उपयोग नाही, ओळीतल्या सगळ्या घरांनी एकाच रात्री करावे.

रोपांची देवाणघेवाण हा स्पर्धेचा भाग असावा, आणि तिचे वेळापत्रक आपल्या सणांत तयारच आहे. झेंडूचे पाच ग्रॅम बी म्हणजे हजाराहून जास्त बिया. एका घराला त्या कधीच संपत नाहीत. जुलैच्या सुरुवातीला एकाच घरी ट्रेमध्ये पेरून महिन्याभराने घरटी दहा रोपे वाटली, लावल्यावर तीन आठवड्यांनी शेंडे खुडले, तर दसऱ्याची तोरणे कॉलनीतच होतात. गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर. पुढे साधारण दीड महिन्याने फुले येतात, हा हिशेब जानेवारीच्या परीक्षणासाठीही उपयोगी पडतो. गणपतीच्या पत्रीतली डाळिंब, जाई, मरवा, कण्हेर, तुळस, माका, आघाडा, दूर्वा सहज अंगणात होतात. कोणाकडे काय आहे याची यादी श्रावणातच फलकावर लावली तर टेकडीवरच्या झाडांना ओरबाडून आणलेली पत्री विकत घ्यावी लागत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रोपे वाण म्हणून देण्याची पद्धत आता रुळली आहे, पण रोपे जानेवारीत नर्सरीतून आणली जातात. ती कॉलनीत करायची तर काम सप्टेंबरात सुरू व्हायला हवे, कारण थंडीत छाटकलमाला मुळे फार हळू फुटतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका. वरची दोन पाने ठेवून बाकी काढावीत. वाळू आणि कोकोपीट निम्मे-निम्मे, सावलीची जागा, चार ते सहा आठवडे. मुळे फुटली का हे पाहायला काडी उपटू नये. पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरे मूळ दिसेपर्यंत थांबावे. जास्वंद, तगर, अडुळसा, मोगरा असे होतात. गवती चहाचे ठोंब विभागले की झाले. तीस वाणे हवी असतील तर ४५ काड्या लावाव्यात, तिसरा हिस्सा जातोच. प्रत्येक पिशवीला झाडाचे नाव आणि किती तास ऊन हवे याची चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसलेले रोप स्वयंपाकघराच्या खिडकीत जाते आणि होळीपर्यंत मरते.

फाटकाबाहेरचे झाडही अंगणातच धरावे. पदपथावरच्या पेव्हर ब्लॉकने बुंधा आवळलेला असतो, किंवा हौसेने त्याभोवती पार बांधून दीड फूट माती भरलेली असते. दुसरा प्रकार अधिक घातक: मातीखाली गेलेली साल कुजते आणि वरच्या थरातल्या मुळांना हवा मिळत नाही. हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. तेच माप इथे धरायला हरकत नाही. पदपथ महापालिकेचा असल्याने ब्लॉक स्वतः उपसू नयेत, क्षेत्रीय कार्यालयाला कॉलनीच्या वतीने एकच अर्ज द्यावा, सोबत झाडनिहाय फोटो. फांद्या तोडायलाही १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, मग झाड आपण लावलेले का असेना.

राहता राहिले बक्षीस. चषकाऐवजी चांगली छाटणी-कात्री, दहा किलो निंबोळी पेंड किंवा ट्रॉलीभर शेणखत द्यावे. १०० पैकी २० गुण किती रोपे दिली, पाचोळ्याच्या किती पाळ्या केल्या यासाठी तिन्ही परीक्षणांत मिळून राखून ठेवावेत. आणि बऱ्याच बागा आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माळीबुवांच्या हातच्या असतात. तिथे प्रमाणपत्रावर आधी त्यांचे नाव, मग मालकाचे. रोख रक्कम असेल तर ती पूर्ण त्यांना.

आपले,
बागकाम करणारे काही रहिवासी, पुणे